वरच्याची कृपा

पहाटे पावणेपाचला मला जाग येते ती वरच्याच्या कृपेनं. वरच्याच्या म्हणजे परमेश्वराच्या नव्हे; तेवढी माझी पुण्याई नाही. वरच्याच्या म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या. आम्ही तिसऱ्यावर राहतो. गेले आठ महिने रोज पावणेपाचला आमच्या डोक्यावर पितळेचं काहीतरी पडतं. तांब्या असावा असा माझा अंदाज, फुलपात्र असावं असं आमच्या हिचं मत. या विषयावर आम्हा उभयतांचा पावणेपाच ते सव्वापाच परिसंवाद चालतो. त्यानंतर ही झोपते आणि मी छताकडे पाहत पडतो.

मी बँकेत कारकून आहे. त्यामुळे 'वरून' येणाऱ्या गोष्टी मुकाट्यानं सोसायची मला सवय आहे. सर्क्युलर वरून येतं, मेमो वरून येतो, बदलीची ऑर्डरही वरूनच येते. पण बँकेतले वरचे निदान रात्री तरी गप्प असतात. आमचे वरचे रात्रीही बोलतात आणि ते मला ऐकू येतं. तेही छतातून नाही, भिंतीतून! माझी उशी ज्या कोपऱ्यात आहे तिथल्या भिंतीतून चौथ्या मजल्याचा संसार शब्दन् शब्द खाली उतरतो. त्यांच्या आमटीत मीठ कमी पडलं की मला कळतं. त्यांच्या पुतण्यानं घेतलेले पैसे परत दिले नाहीत, हे तर मला त्या पुतण्याच्या बायकोच्या आधी कळलं असणार. भिंतीला कान असतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या भिंतीला तोंड आहे.

शेवटी एका रविवारी मी प्लंबरला बोलावलं. त्यानं भिंतीवर कलिंगडवाल्यासारखी टकटक केली आणि म्हणाला, ''साहेब, ही भिंत नाही, पेटी आहे. आत पाइप आहेत. वरपासून खालपर्यंत पोकळ.'' बिल्डरनं सांडपाण्याचे पाइप झाकायला अर्ध्या विटेचा आडोसा उभा केला होता आणि चौरस फुटाच्या हिशेबात ती पोकळीही आम्हाला विकली होती. म्हणजे मी जी भिंत समजून तिला टेकून बसत होतो, ते पाच मजल्यांचं एक सार्वजनिक भोकाड होतं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, ''तुम्हालाच कसं ऐकू येतं? बाकी कुणाची तक्रार नाही.'' वरच्यांना चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं नाही. तेव्हा माझाही तोल गेला आणि पहाटे तांब्या पडला की मी भिंतीकडे तोंड करून ओरडू लागलो, ''टाका, अजून एक टाका! ताट राहिलंय!'' जिन्यात वरचे काका-काकू भेटले की मी भिंतीच्या रंगाचं बारकाईनं निरीक्षण करू लागलो. आठ महिने हे चाललं.

मग मी इतिहासाकडे वळलो. बी. कॉम. झालेल्या माणसानं इतिहासात पडू नये हे मला मान्य आहे. पण बँकेत एक गोष्ट शिकलो: एकट्याचं कर्ज थकलं तर ती लाज, हजारोंची थकली तर ती परिस्थिती. आपल्यासारखे आणखी किती जण होऊन गेले ते पाहावं, म्हणजे लाज कमी होऊन परिस्थिती वाढेल, असा माझा हिशेब होता.

पाहतो तर काय, आमच्या खात्यात दोन हजार वर्षांपूर्वीपासूनच्या नोंदी! प्राचीन रोममध्ये पाच-पाच, सहा-सहा मजल्यांच्या चाळी होत्या. 'इन्सुला' म्हणत त्यांना. सामान्य माणूस तिथं भाड्यानं राही आणि रात्रभर जागा राही. कारण दिवसा गर्दी नको म्हणून गाड्यांना शहरात बंदी, आणि त्यामुळे सगळी चाकं रात्री खडखडत. जुव्हेनाल नावाच्या कवीनं लिहून ठेवलंय की रोममध्ये झोप ही फक्त श्रीमंतांना परवडते. सेनेका हा तत्त्वज्ञ तर चक्क स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहिला. त्यानं मित्राला लिहिलेल्या एका पत्रात खालून येणाऱ्या आवाजांची यादीच दिली आहे. वजनं उचलणाऱ्यांचं कण्हणं, मालिशवाल्याच्या थापा, पाण्यात धबकन् उड्या घेणारे, आणि काखेतले केस उपटणारा एक न्हावी; तो स्वतः ओरडायचा थांबला की समजावं, आता गिऱ्हाईक ओरडतंय. एवढं सांगून सेनेका म्हणतो की मन शांत असेल तर बाहेरच्या गोंगाटानं काही बिघडत नाही. मी हे वाचून थक्क झालो. पण तत्त्वज्ञांची पत्रं शेवटपर्यंत वाचावीत. शेवटी तो सांगतो की स्वतःची परीक्षा पाहायची होती ती पाहून झाली, आता मी ही जागा सोडतोय! जागा सोडणं परवडत असेल तर मन शांत ठेवायला मीही तयार आहे.

दुसरे आमचे खातेदार लंडनचे टॉमस कार्लाइल. इतिहासकार मोठे, पण शेजाऱ्यांचे कोंबडे आणि पियानो यांनी बेजार. १८५३ साली त्यांनी चेल्सीतल्या आपल्या घराच्या माथ्यावर आवाज न येणारी खोली बांधायला काढली. दुहेरी भिंती, मधे पोकळी, खिडकी नाही, उजेड फक्त वरच्या काचेतून. खर्च सुमारे १७० पौंड. बांधकाम चालू असताना एक मजूर छत फोडून खाली सौ. कार्लाइलबाईंच्या खोलीत अवतरला. खोली पुरी झाली आणि काय आश्चर्य! रस्त्यावरचे जवळचे आवाज कमी झाले, पण आजवर कधी न ऐकलेले लांबचे आवाज त्या खोलीत येऊ लागले. आगगाडीच्या शिट्ट्या, नदीवरचा गोंगाट. घरात सगळ्यांत गोंगाटाची खोली कुठली, तर हीच. तरी बिचाऱ्यानं तिथंच बसून फ्रेडरिक राजाचं सहा खंडी चरित्र १८६५ साली पुरं केलं. कोंबड्यांचा प्रश्न मात्र खोलीनं नाही, बाईंनी सोडवला. त्या शेजारी गेल्या आणि गोड बोलून आल्या. हे वाक्य मी त्या वेळी घाईघाईनं वाचून पुढं गेलो, त्याबद्दल पुढं सांगेन.

पण आमच्या पोकळ भिंतीचे खरे पूर्वज भेटले ते अमेरिकेत, शिकागोला. १८३० च्या दशकात तिथं माणसं झुंडीनं येत होती आणि सुतार मिळत नव्हते. जुन्या पद्धतीनं घर बांधायचं म्हणजे जाडजूड खांब, कोरून बसवलेले सांधे आणि मुरलेला कारागीर. त्याऐवजी कुणीतरी शक्कल लढवली: दोन इंच बाय चार इंचांच्या बारीक फळ्या सोळा-सोळा इंचांवर उभ्या करायच्या आणि यंत्रावर बनलेल्या स्वस्त खिळ्यांनी ठोकून टाकायच्या. दोन माणसं आणि एक हातोडा, घर तयार! जुने सुतार हसून म्हणाले, हा तर फुगा आहे, वाऱ्यानं उडून जाईल. म्हणून नाव पडलं 'बलून फ्रेम'. फुगा काही उडाला नाही. निम्मी अमेरिका त्यात राहायला गेली.

मात्र या फुग्यात एक गोम होती. त्या उभ्या फळ्या पायापासून थेट छपरापर्यंत सलग जात. वरच्या मजल्याच्या तुळया टेकवायला मधे एक आडवी फळी खाचेत बसवत. तिला तिथले सुतार 'लेजर' म्हणतात, हे वाचून मला भावासारखं वाटलं. कारण सगळा भार आमच्याही ऑफिसात लेजरवरच असतो. पण हे लेजर आडवं आलं तरी पोकळी बुजत नसे. दोन फळ्यांमधली जागा तळघरापासून माळ्यापर्यंत नळकांड्यासारखी मोकळी. जुन्या काळी बोटींवर आणि कचेऱ्यांत वरच्या माणसानं खालच्याला हुकूम सोडायला बोलायच्या नळ्या असत. फुंकर मारायची आणि बोलायचं. तशा नळ्या या घरांच्या प्रत्येक भिंतीत फुकट मिळाल्या. मोकळ्या जागेत आवाज चहूकडे पसरतो आणि विरतो. नळीत त्याला पसरायला वाव नसतो, म्हणून तो दुसऱ्या टोकाला जवळजवळ शाबूत पोचतो. उंदीरही त्याच वाटेनं जात. आणि आगही.

इथं विनोद थोडा बाजूला ठेवतो. अशा घरात तळघरात ठिणगी पडली तर भिंतीतली पोकळी धुराड्यासारखी ओढ घेते आणि खोलीतली माणसं जागी होईतो माळा पेटलेला असतो. लाकडी शिकागो १८७१ च्या ऑक्टोबरात जळालं. सुमारे ३०० माणसं गेली, एक लाख लोक बेघर झाले. त्या आगीला कारणं पुष्कळ होती, सगळा दोष भिंतींना देता येणार नाही. पण भिंतीतल्या मोकळ्या वाटेची भीती पुढं बांधकामाच्या नियमांत उतरली: प्रत्येक मजल्याच्या पातळीला पोकळीत लाकडाचा ठोकळा आडवा ठोकायचा. विसाव्या शतकात पद्धतच बदलली. एक मजला पुरा करायचा, त्यावर पाटासारखी तक्तपोशी घालायची आणि मग वरच्या मजल्याच्या भिंती उभ्या करायच्या. पोकळी दर मजल्याला आपोआप बंद. आग अडवायला घातलेल्या ठोकळ्यानं आवाजही अडला. सरकारी खर्चात एका कामात दोन कामं झाल्याचं इतिहासातलं हे दुर्मीळ उदाहरण असावं.

पोकळीत काय भरायचं, यावर तर माणसानं डोकं फार चालवलं आहे. स्कॉटलंडमधल्या चाळींत दोन मजल्यांच्या मधे राख आणि कोळशाचा चुरा भरत. त्या भरावाला ते 'डेफनिंग' म्हणत, म्हणजे तक्तपोशीला बहिरं करणं. मला हा शब्द फार आवडला. बोस्टनच्या सॅम्युअल कॅबटनं १८९० च्या दशकात समुद्रातलं गवत वाळवून, दोन कागदांच्या मधे घालून, टाके मारून चक्क गोधडी विकायला काढली. ती भिंतीत आणि फरशीखाली घालत. गवत स्वस्त, सहसा पेटत नाही, कुजत नाही. १९३० च्या दशकात अटलांटिकच्या किनाऱ्यावर त्या गवतावरच रोग पडला आणि कच्चा मालच नाहीसा झाला.

गोधडीचं वाचल्यावर मी त्याच रात्री आमच्या आजीच्या हातची गोधडी त्या भिंतीवर चार खिळ्यांनी टांगली. ही म्हणाली, ''आता भिंतीलाही थंडी वाजते का?'' आवाज तसूभर कमी झाला नाही. का, ते मला पुढं हार्वर्डच्या प्राध्यापक वॉलेस सॅबिननी समजावलं.

१८९५ साली हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकांचं बोलणं इतकं घुमू लागलं की मुलांना काही कळेना. (नुसतं बोलणं घुमण्यामुळेच कळेना, हा विद्यापीठाचा समज मला उदार वाटतो.) तरुण सॅबिनला सांगितलं, बघ जरा. तो मध्यरात्री शेजारच्या थिएटरातल्या गाद्या उचलून आणी, ऑर्गनची एक नळी वाजवी, घड्याळ लावून घुमणं मोजी आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी परत. कपडे बदलले तर आकडे बदलतात म्हणून तो मोजणीला ठरावीक कपडेच घाले. यातून ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. पण गाद्या घुमणं शोषतात. भिंतीपलीकडचा आवाज त्या अडवत नाहीत. आवाज अडवायला वजन लागतं. गोधडी टांगणं म्हणजे तिजोरीला पडदा लावण्यासारखं. तीच गोधडी पोकळीच्या आत, बंद जागेत ठासली तर मात्र ती आतला घुमार मारते. म्हणजे आजीची गोधडी बरोबर होती, नातू चुकीच्या बाजूला होता.

या सॅबिनची पुढली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इलिनॉयमध्ये जॉर्ज फेबियन नावाचे एक धनाढ्य कापडव्यापारी होते. शेक्सपिअरच्या पुस्तकांत फ्रान्सिस बेकननं सांकेतिक लिपीत गुपितं लपवली आहेत अशी त्यांची खात्री होती, आणि त्यांतल्या एका गुपितात आवाजाच्या जोरावर वस्तू तरंगवायचं यंत्र होतं म्हणे! ते काही केल्या चालेना, म्हणून त्यांनी सॅबिनना बोलावलं. यंत्र तरंगलं नाही, पण त्या ओळखीतून १९१८ मध्ये सॅबिनसाठी तिथं एक प्रयोगशाळा उभी राहिली. खोलीच्या आत खोली, दोघींचा पाया वेगळा. १९१९ च्या जानेवारीत सॅबिन वारले. मग त्यांच्या नात्यातल्या पॉल सॅबिननी तिथं वर्षानुवर्षं भिंती आणि दारं तोलून पाहिली. आमच्या सेव्हिंग्ज खात्यांतही इतक्या चमत्कारिक कारणानं इतकी चांगली ठेव कधी आलेली नाही.

या सगळ्यांनी मिळून जे शिकवलं ते माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला समजेल असं आहे. एक, भिंत जड हवी. दोन, दोन भिंती असतील तर त्यांचे व्यवहार वेगळे हवेत. एकीचा खिळा दुसरीला लागला की दोन्ही खाती जॉइंट झाली, इकडचं तिकडे जमा. तीन, मधल्या पोकळीत लोकरीसारखं काहीतरी हवं. थर्मोकोल नको, तो आवाज अडवत नाही आणि पेटतो मात्र झटकन. चार, आणि सर्वांत महत्त्वाचं: फट नको. भिंतीत शंभरातला एक भाग जरी मोकळा राहिला तरी भिंत किल्ल्याची असो की चाळीची, वीस डेसिबलच्या वर ती काही अडवू शकत नाही. शंभर रुपयांत एक रुपयाची चूक असली तरी ताळेबंद जुळत नाही, हे मी वेगळं काय सांगू?

पाचवी गोष्ट मला न आवडणारी होती. बोलण्याचा आवाज हवेतून येतो आणि पडलेल्या तांब्याचा आवाज स्लॅबमधून. दोघांची औषधं वेगळी. हे दुसरं दुखणं मोजायला शास्त्रज्ञांनी एक यंत्र केलंय: प्रत्येकी ५०० ग्रॅमचे पाच हातोडे, ४ सेंटिमीटरवरून पडणारे, सेकंदाला दहा ठोके. ते वरच्या मजल्यावर लावायचं आणि खाली बसून ऐकायचं. हे काम पगारी असेल तर माझा अनुभव आठ महिन्यांचा आहे. पण निष्कर्ष असा की ठोक्याला इलाज खाली करून फारसा उपयोग नाही. वर, जिथं वस्तू पडते तिथंच मऊ काहीतरी घालायचं.

आपल्याकडेही याचे नियम आहेत, बरं का. राहत्या इमारतींत आवाज कसा अडवावा याचं भारतीय मानक १९६२ सालचं आहे. १९७० साली राष्ट्रीय इमारत संहिताही आली आणि तिच्या सुधारित आवृत्तीत यावर स्वतंत्र विभाग आहे. नियम कागदावर आहेत आणि पोकळी भिंतीत आहे. मधे बिल्डर आहे.

एवढा अभ्यास झाल्यावर मी पुन्हा प्लंबरला बोलावलं. त्यानं पेटी उघडली. पाहतो तर पाइप जिथं स्लॅबमधून वर जातो तिथं चांगली वीतभर फट! ''ही बुजवली की निम्मं काम झालं,'' तो म्हणाला, ''पण खालून नुसता माल लावला तर पडेल. खालून लोकर ठासतो, सिमेंट वरून ओतायला लागेल. वरच्यांच्या घरातून.''

दोन हजार वर्षांचा इतिहास पालथा घालून मी अठरा पायऱ्यांपाशी येऊन उभा होतो. कार्लाइलबाईंचं ते वाक्य तेव्हा आठवलं.

दार काकूंनी उघडलं. ''या की,'' म्हणाल्या, जणू मी रोजच येतो. काका खुर्चीत बसले होते. मी पाइपचं, फटीचं, सिमेंटचं एका दमात सांगितलं. ते ऐकत होते आणि मांडीवरचा त्यांचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हातानं धरला. मग दोन्ही थरथरू लागले.

''कंपवात,'' काकू म्हणाल्या. ''दिवाळीपासून वाढलाय. पहाटेची गोळी स्वतः उठून घेतात. मी पाणी देते म्हटलं तर ऐकत नाहीत.''

मला काय बोलावं सुचेना. काकाच म्हणाले, ''तांब्याच असतो तो. फुलपात्र नव्हे. वहिनींना सांगा.''

माझे कान तापले. नळीला दोन्हीकडे तोंड असतं, हे मी बोटींपासून शिकागोपर्यंत वाचलं होतं. फक्त आमच्या घरापर्यंत आणलं नव्हतं.

''आणि ताट,'' काका हसून म्हणाले, ''अजून एकदाही पाडलेलं नाही.''

''काका, माझं चुकलं,'' मी म्हणालो. एवढंच म्हणता आलं. काकूंनी चहा टाकला. साखर कमी होती. का कमी असते तेही मला ठाऊक होतं.

काम तीन दिवसांत झालं. लोकर ठासली, वरून सिमेंट ओतलं, पेटीला आमच्या बाजूनं दुसरा जाड थर दिला, पाइपाला कुठंही टेकू न देता; गळती बघायला एक झाकणही ठेवलं. काकांच्या पलंगाशेजारी मी स्वतः जाड रबरी चटई अंथरून आलो. पाण्यासाठी स्टीलचा हलका, दोन कानांचा पेला नेला होता. काकांनी तो पाहिला आणि तांब्याच बरा म्हणाले. मी आग्रह केला नाही. आता पावणेपाचला एक बारीक 'ठप्' येतो. बोलणं मात्र बंद. पुतण्यानं पैसे परत दिले की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही.

पुढल्या रविवारी काकू शिऱ्याची वाटी घेऊन खाली आल्या. ''काय सांगू,'' म्हणाल्या, ''चार दिवस दोघांनाही काय छान झोप लागलीय! नऊ वर्षांत अशी लागली नव्हती.''

''का हो?'' मी विचारलं.

काकू संकोचल्या. आमची ही एकदम स्वयंपाकघरात काम काढून निघून गेली.

''तुमचं घोरणं हो,'' काकू म्हणाल्या. ''त्या पाइपातून वर यायचं. मी एकदा म्हटलं, खाली सांगावं का? तर हे म्हणाले, दिवसभर बँकेत दमतो बिचारा, घोरू दे.''

शिरा गरम होता म्हणून मला बोलता आलं नाही. आठ महिने मी त्यांच्या नावावर रोज पावणेपाचला एक तांब्या नावे टाकत होतो. नऊ वर्षांची ही जमा माझ्या लेजरला कुठंच नव्हती.